तीस रुपयांचा सेल

दौलतगंजातल्या वाचनालयाचा सर्व्हर
पत्र्याच्या कपाटावर बसतो,
वाळवीच्या औषधाशेजारी.
लाइट गेली की तोही जातो.
लाइट आली की उठतो आणि समजतो
आज एक जानेवारी, दोन हजार नऊ.

मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेलाय,
बाकी काही नाही.

मिनिटभरात कुणीतरी दुरून खरी वेळ सांगतं
आणि हा दचकतो:
दारात उभी असलेली सगळी माणसं
सोळा वर्षं गप्प आहेत!
पासष्ट सेकंद गप्प राहील त्याची जोडणी तोडावी
असा नियम.
तो नियमाला पक्का. एकजात सगळ्यांना हाकलतो.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशांच्या ग्वाल्हेरात,
दिवसातून चारदा.

पोतनीसबाई म्हणाल्या, "तुमचा सर्व्हर उद्धट आहे हो."
माझा नाही. कुणाचाच नाही,
म्हणून थोडा माझाही.
फुकट मिळतो, आतली ओळन् ओळ उघडी,
ज्याला दिसेल त्यानं वाचावी.

टोपीबाजारातला रईस आला, पेचकस काढला.
"काका, तीस रुपये का सेल है, डाल देता हूँ."
म्हटलं, थांब.

एकतीस वर्षं महालेखाकारांच्या कार्यालयात काढली.
बेरीज जुळेना की तिथं काही लोक
फरक 'संकीर्ण'मध्ये टाकून चहाला जात.
आम्ही जात नसू.
चार आण्यांसाठी रात्रीचे नऊ वाजत.
बायको म्हणायची, चार आणे मी देते, घरी या.

सेल घातला तर हे एक यंत्र बरं होईल.
पण सेल सगळीकडे मरतात,
आणि सगळीकडे रईस नसतो.

सी भाषा मी निवृत्तीनंतर शिकलो,
या गावात लोक म्हातारपणी पेटी शिकतात तशी,
आणि साधारण तितकीच बेसूर.
तीन आठवडे वाचत बसलो.
इन्व्हर्टरची टूं टूं, शेजारी कूलरचं पाणी संपल्याची खडखड,
आणि एका रात्री ती ओळ:
आत्ताच्या वेळेतून शेवटचा शब्द ऐकला ती वेळ वजा.
वजाबाकी बरोबर होती.
घड्याळ भलतंच विचारलं होतं.

यंत्रात आणखी एक घड्याळ असतं.
त्याला तारीख ठाऊक नाही, साल ठाऊक नाही,
कुणी सांगितलं तरी ऐकत नाही.
उठल्यापासून किती वेळ झाला, एवढंच मोजतं.
मागे जात नाही. उडी मारत नाही.
किती वेळ वाट पाहिली
हे त्यालाच विचारायचं असतं.

चार ओळी बदलल्या, पाठवल्या.
फिनलंडच्या कुणा इल्मारीचं दोन शब्दांचं उत्तर आलं:
"चाचणी कुठे?"
छाती धडधडली. अगदी पारनेरकर साहेब,
"व्हाउचर कुठे?"

मग चाचणी लिहिली. म्हणजे,
आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटा हिशेब लिहिला:
मधेच घड्याळाला सोळा वर्षं पुढे ढकललं
आणि सर्व्हर कुणाला हाकलतो का पाहिलं.
हाकललं नाही.

नव्या आवृत्तीत त्रेचाळीस दुरुस्त्या आहेत.
माझी एकोणतिसावी,
वर स्मृतीची गळती, खाली शुद्धलेखनाची एक चूक.
'वेळ अचानक बदलल्यास जोडण्या तुटत असत.
आता तुटत नाहीत.'
माझ्या नावात एक अक्षर चुकलंय.
तीही दुरुस्ती पाठवली आहे.

काल दुपारी लाइट गेली, आली.
कपाटावरचा गडी दोन हजार नऊमध्ये जागा झाला,
मिनिटभरानं सोळा वर्षं ओलांडली,
आणि खिडकीपाशी मोबाइलवर
सूची चाळणाऱ्या मुलीनं
मानसुद्धा वर केली नाही.

पोतनीसबाईंनी माझ्याकडे पाहिलं,
मी पंख्याकडे.
मग रईसला फोन केला.
म्हटलं, आता टाक सेल.